बिनऑपरेशनचे बारा आठवडे

धुळ्याहून जळगावला एसटीने निघालात की पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगाव येईपर्यंत भिंतींवरच्या पाट्या वाचणे हा चांगला टाइमपास असतो. सिमेंट, बियाणं, मंगल कार्यालय, आणि मग हमखास ती एक पाटी : 'कंबरदुखी, मानदुखी, सायटिका, मणक्यात गॅप, नस दबणे. विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.' खाली मोबाइल नंबर आणि कुठल्या वारी कुठल्या गावात बसतात ते. (चौपदरीकरण रखडलं होतं त्या वर्षांत हाच रस्ता गिऱ्हाईकं तयार करायचा आणि कडेलाच इलाजाची पाटी. याला म्हणतात सोय!)

मंडळी, माझा या पाटीवर राग आहे. पाटी खोटी आहे म्हणून नव्हे. गादी सरकलेली बहुतेक माणसं खरोखरच ऑपरेशनशिवाय बरी होतात. राग एवढ्यासाठी की हे बरं होणं शरीर स्वतः करतं, फुकट करतं, आणि विकतो भलताच. शिवाय बिनऑपरेशनच्या इलाजाला जी खरी किंमत पडते ती त्या पाटीवर कुठेच लिहिलेली नसते. ती किंमत कोणी भरायची यावर आमच्या माहेरी बरेच दिवस वाद चालू आहे. म्हणून हे लिहायला बसले. दादा हे वाचणार आहे. वाचू दे.

आधी थोडं शास्त्र, कंटाळू नका. दोन मणक्यांच्या मधली गादी बाहेरून चिवट आणि आतून मऊ असते. मांडे करताना एखाद्या जागी पारी विरली की पुरण बाहेर डोकावतं ना, तसं त्या गादीतलं मऊ द्रव्य बाहेर येतं आणि शेजारून जाणाऱ्या नसेला लागतं. नस दबते आणि सुजतेही. ही नस कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून पार पावलापर्यंत गेलेली असल्यामुळे दोष कंबरेत आणि कळ पायात असा प्रकार होतो. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हटलंय, माणूस गिधाडासारखा चालायला लागतो म्हणून. ज्याने हे नाव ठेवलं त्याने रोगी नीट निरखून पाहिला होता, एवढं मी स्वानुभवाने सांगते.

या सगळ्याच्या मुळाशी गादी आहे हे आधुनिक वैद्यकात पक्कं झालं ते १९३४ साली. अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी तो निबंध लिहिला आणि गादीच्या ऑपरेशनांचं युग सुरू झालं. पण बाहेर आलेलं पुरण शरीर स्वतःच हळूहळू साफ करतं हे डोळ्यांनी दिसायला सीटी स्कॅन आणि एमआरआय यावे लागले. आणि त्यात एक गंमत आहे. २०१५ साली जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. गादीचा तुकडा पार तुटून बाहेर पडलेल्या रुग्णांपैकी ९६ टक्के जणांमध्ये तो आपोआप आकसलेला आढळला, आणि गादी नुसती फुगलेल्यांमध्ये मात्र फक्त १३ टक्क्यांत. म्हणजे रिपोर्टमध्ये जे वाचून घरातल्यांचं धाबं दणाणतं, तेच शरीर जास्त हौसेने साफ करतं!

रिपोर्टचं म्हणाल तर आणखी एक. १९९४ साली कंबर दुखतच नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता. चांगली हिंडती-फिरती माणसं! तेव्हा 'मणक्यात गॅप निघाला' हे ऐकून ज्यांनी आयुष्यभर वाकणं सोडलंय, त्या आमच्या नात्यातल्या दोन काका आणि एका आत्याने हे वाक्य परत वाचावं.

आता माझी कथा. थोडक्यात सांगते, कारण दुखण्याच्या कथा सांगणाऱ्यालाच गोड लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये माझी एल५-एस१ गादी सरकली. कशाने? वाकून पलंगाखालची पिशवी ओढली. वीस वर्षं बँकेच्या खुर्चीत बसून कमावलेलं दुखणं त्या पिशवीने उघडं केलं, इतकंच. डाव्या पायात वीज गेल्यासारखी कळ. शिंक आली तरी ओरडायचे. सासूबाई "काय व्हयनं वं माय?" करत धावत आल्या, आणि तासाभरात निर्गुडीचा पाला उकळून शेक सुरू. शेजारच्या काकूंनी तर गल्लीतला एक पायाळू पोरगाच आणून उभा केला. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण उतरते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण ती उसण, आणि ही नस. शिवाय बँकेतल्या मॅडमला लाथ मारायची या कल्पनेनेच त्या बिचाऱ्याला घाम फुटला. त्याने कंबरेला हळूच अंगठा टेकवला, चहा घेतला आणि गेला.

शेकाने बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. शेक, तेल, कटिबस्ती यांनी त्या वेळेपुरतं बरं वाटतं आणि त्या वेळेपुरतं बरं वाटणं ही लहान गोष्ट नाही, रात्रीची झोप लागते. बिब्बा घालून कातडी भाजून घेणं आणि डाग देणं मात्र सोडा रे बाबांनो. दुखण्यावर दुसरं दुखणं. आणि कुठल्याही वाराला येणाऱ्या माणसाच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. असल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो आणि सहा महिन्यांत तोंड सुजून साखर वाढलेली असते.

देवपुरातल्या माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिलं काय केलं, तर मला पलंगावरून उठवलं. सक्तीने पडून राहण्याचा काळ कधीच संपलाय. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवस आणि सात दिवस अंथरुणावर पडण्याची तुलना झाली, दोन दिवसवाल्यांचं काही बिघडलं नाही आणि ते कामावर लवकर गेले. सायटिकाच्या रुग्णांचंही १९९९ साली नेदरलँड्समध्ये पाहिलं, पडून राहण्याने जास्तीचा फायदा शून्य. मग त्यांनी मला पालथं झोपवून कोपरांवर उठायला लावलं. हा व्यायाम न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींचा. १९५६ साली त्यांच्या दवाखान्यात एक पायदुखीचा रोगी डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला, आणि उठून म्हणाला की इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं! बाईंनी मला एक खूण सांगितली होती : कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कंबरेत वर सरकायला लागली की कंबर जास्त दुखली तरी आनंद मानायचा. सगळ्यांना हाच व्यायाम लागू पडतो असं नाही. काहींना मागे वाकण्याने जास्त दुखतं. म्हणून पहिल्यांदा कोणीतरी जाणत्याने बघावंच लागतं. मोबाइलवरचा व्हिडिओ तुमची कंबर बघत नाही.

बाकी औषधांचं सांगायचं तर नसेवरच्या ज्या गोळ्या आपल्याकडे सरसकट लिहून देतात, त्यातल्या प्रेगाबालिनची २०१७ साली ऑस्ट्रेलियात सायटिकासाठी तपासणी झाली. खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही, चक्कर मात्र जास्त आली. (म्हणून उद्या सकाळी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) आणि पट्टा! खान्देशात पन्नाशीच्या पुढे पट्टा नाही असं घर दाखवा. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात नेहमीच्या उपचारात पट्टे नकोत आणि वजनं लावून ओढणं नको असं स्पष्ट म्हटलंय. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यावर भर. २०२४ साली ऑस्ट्रेलियातच ७०१ जणांवर आणखी एक प्रयोग झाला. बऱ्या झालेल्यांना नुसतं हळूहळू वाढवत चालायला लावलं. न चालणाऱ्यांची कंबर साधारण ११२ दिवसांत परत धरली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांनी. आपल्या पुण्याच्या अय्यंगारांच्या पद्धतीच्या आसनांचंही इंग्लंडमध्ये यॉर्कच्या लोकांनी २०११ साली ३१३ रुग्णांवर पाहिलं, हालचालीला फायदा झाला. आसनं असोत की चालणं, अंग हलतं राहिलं पाहिजे.

तर मी दहा-साडेदहा आठवड्यांत बरी झाले. बिनऑपरेशन. खर्च किरकोळ. सगळ्यांनी माझ्या धीराचं कौतुक केलं. पण धीर कसला? मला वैद्यकीय रजा होती. पूर्ण पगार दर महिन्याला खात्यात पडत होता. घरात धुणंभांड्याला बाई होती. धीर धरायला मला काही मोजावंच लागलं नाही.

दोन वर्षांनी, २०२४ च्या पावसाळ्यात, आमच्या माहेरच्या सालदारभाऊंना हेच झालं. हीच गादी, डावाच पाय. माहेर यावल तालुक्यात, बागायती केळीची. ज्यांनी केळीची कापणी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते : वीस-पंचवीस किलोचा घड कापून खांद्यावर घ्यायचा आणि चिखलातून, नळ्यांना अडखळत, बांधापर्यंत आणायचा. मग परत जायचं. दिवसभर. कापणीची टोळी वेगळी असते, पण माणूस कमी पडला की सालदार असतोच. शिवाय पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप, खताच्या गोण्या. माणसाने उचलायच्या वजनाबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ठराव केलाय, सोबतच्या शिफारशीत पुरुषाला ५५ किलोची कमाल मर्यादा सांगितलीय. मर्यादा ती, पण दिवसातून किती वेळा? (आपल्याकडे युरियाची गोणी २०१८ मध्ये पन्नासची ४५ किलो झाली. कंबरेची दया येऊन नव्हे हो, युरिया कमी वापरला जावा म्हणून!)

डॉक्टरांनी त्यांना व्यवस्थित तपासलं. पाऊल वर उचलता येतं का, अंगठ्यात जोर आहे का, लघवी-संडासवर ताबा आहे का, बसायची जागा बधिर वाटते का, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलं का. हे प्रश्न घरोघरी पाठ हवेत. लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेची आणि बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतला जोर गेला तर तो दिवस निर्गुडीचा नाही आणि पाटीवाल्याचाही नाही. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल आणि बहुधा ऑपरेशन, उशीर झाला तर कायमचं जातं. पाऊल पडायला लागलं तरीही थांबायचं नाही. ताप आणि उतरणारं वजन असेल तर मणक्याचा टीबी आपल्या देशात डोक्यात ठेवावाच लागतो. सालदारभाऊंना यातलं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, सहा आठवडे चाला-फिरा, हे व्यायाम करा, वजन उचलू नका, मग बघू. अगदी बरोबर सल्ला. मला मिळाला होता तोच.

सालदारभाऊ बाहेर येऊन हसले. म्हणाले, "ताई, वजन नाही उचलायचं तर मग करू काय?"

आठव्या दिवशी ते परत बागेत होते. पंधराव्या दिवशी परत अंथरुणावर. असं तीनदा झालं. आणि मग एक दिवस त्यांनी मला फोनवर विचारलं, "ताई, ऑपरेशन करूनच टाकलं तर लवकर मोकळा होईन का?"

हा प्रश्न अडाण्याचा नव्हता, हे मला सांगायचंय. २००७ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सायटिकाच्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने वाट पाहायची आणि गरज पडली तर करायचं. वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे. हा आकडा ऑपरेशन टाळणारे सगळे सांगतात, मीही सांगायचे. पण त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे : ऑपरेशनवाले साधारण चार आठवड्यांत बरे झाले, वाट पाहणारे बारा आठवड्यांत. (आणि वाट पाहणाऱ्यांतल्या ३९ टक्के लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलंच.) मधले आठ आठवडे माझ्यासाठी रजेचे होते. सालदारभाऊंसाठी ते खाड्यांचे होते. साल ठरताना जी रक्कम ठरते त्यातून खाडे कापले जातात, हा आपल्याकडचा जुना हिशेब. मग ज्याला खाडा परवडत नाही त्याने लवकरचा रस्ता विचारला तर त्यात चूक काय?

आणि सोयही अशीच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, रुग्णाला दाखल करून शस्त्रक्रिया करायची तर पैसा उभा राहू शकतो. चांगली योजना आहे, आमच्या धुळे जिल्ह्यात तर तिचं आधीचं रूप २०१२ साली पहिल्याच टप्प्यात आलं होतं. पण घरी राहून, चालून, पालथं झोपून बरं होणाऱ्याच्या बारा आठवड्यांच्या मजुरीसाठी कुठला अर्ज नाही. कारखान्यातल्या कामगाराला निदान राज्य विमा योजनेत वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारभत्ता असतो. केळीच्या बागेत ते नाही. ऑपरेशन फुकट आणि आराम महाग, अशी ही उलटी बाजारपेठ आहे. आणि शहरातले सुशिक्षित लोक (यात बँकवाल्याही आल्या) गावच्या माणसाला उपदेश करतात, घाईने ऑपरेशन करू नको रे, निसर्गाला वेळ दे. वेळ द्यायला तो स्वतःचा असावा लागतो!

मी दादाला म्हटलं, त्यांना बारा आठवडे हलकं काम दे आणि खाडे कापू नको. दादा चिडला. त्याची बाजूही मांडते, नाहीतर वहिनी बोलायची नाही. केळीचा भाव त्या वेळी पडलेला, करपा आलेला, एका सालदाराचं काम करायला रोजाने दुसरा माणूस लावायचा म्हणजे दुप्पट. "बँक पगार देते ताई, मी बँक नाही," असं तो म्हणाला, आणि ते खरं आहे. पण मीही विचारलं, याच माणसाने अठरा वर्षं तुझे घड वाहिले, त्या गादीची झीज कोणाच्या खात्यात मांडायची? ट्रॅक्टरचं टायर गेलं तर तू ट्रॅक्टरवाल्याचे खाडे कापतोस का? दोन महिने बोलणं बंद होतं आमचं. राखीला गेले, राखी बांधली, चहा घेतला, आले.

शेवटी अर्धंमुर्धं झालं. सालदारभाऊंना मोटारीवर आणि ठिबकच्या व्हॉल्व्हवर लावलं, फेऱ्या मारायच्या, उचलायचं काही नाही. खाडे निम्मे कापले. बागेत रोज मैल-दोन मैल चालणं आपसूक व्हायला लागलं. नवरात्रापर्यंत कळ मांडीत आली, दिवाळीला कंबरेत, आणि मग गेली. ऑपरेशन झालं नाही. त्याच सुमारास त्यांच्या मेहुण्याने त्यांना एका बाजाराच्या गावी तेल लावून नस बसवणाऱ्याकडे नेलं होतं, तीन वेळा. आता सगळं गाव त्या तेलवाल्याचं नाव घेतं. निम्म्या खाड्यांचं नाव कोणी घेत नाही, दादाही नाही. मला वाटतं, खरा इलाज त्या व्हॉल्व्हवरच्या ड्युटीने केला, आणि तो करणारा दादाच होता, चिडचिड करत का होईना. त्याला हे तोंडावर सांगायची सवय आमच्या घरात नाही, म्हणून इथे लिहिते.

दादाला पटलेलं नाही. आमच्याकडे पाडव्याला साल ठरतं. त्यानंतरच्या पाडव्याला मी त्याला एवढंच सुचवलं की ठरवतानाच एक कलम घाल : डॉक्टरने लिहून दिलं तर सहा आठवडे हलकं काम, खाडा नाही. आणि दोन घरचे शेजारी मिळून घड वाहायची एक हातगाडी घ्या, बागेतल्या ओळींतून जाईल अशी. हातगाडी आली. कलमाबद्दल तो "बघू" म्हणाला. सालदारभाऊंनी फोन केला होता परवा, त्यांच्या बायकोची मान धरली आहे, कापूस वेचून. मी तिला आधी तेच सगळे प्रश्न विचारले. हातात जोर आहे, मुंग्या आहेत. येत्या सोमवारी धुळ्याला आणतेय तिला आमच्या फिजिओ बाईंकडे. सोमवारचा रोज कोण देणार, ते अजून ठरायचंय.